गोल ब्लॉकला पायपिंग: गळ्याला ओढतो तसं इथे ओढायचं नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे ज्यांना हीच अडचण आहे त्यांनाही पुढचं कळेल. तुम्ही क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून करायच्या पांघरुणासाठी, ड्रंकर्ड्स पाथ नमुन्याचे ६ इंची १६ ब्लॉक करताय, म्हणजे चौकोनाच्या एका कोपऱ्यात पाव गोल आणि बाकीचा भाग दुसऱ्या रंगाचा, आणि त्या गोलाईवर तुम्हाला लाल पायपिंग, म्हणजे आत दोरी घातलेली बारीक पट्टी, हवंय. चार ब्लॉक झाले, चारही मधे वाटीसारखे वर आले, पायपिंग टोकाला जाड आणि मधे बारीक दिसतंय, आणि एका ब्लॉकवर तर पायपिंगची आतली शिलाईच बाहेर दिसतेय. मशीन पायाचं, साधं. आणि तुमचं म्हणणं असं की मी वीस वर्षं ब्लाऊजच्या गळ्याला पायपिंग लावतेय, कधी बिघडलं नाही, मग इथेच काय होतंय.

तर मला वाटतं ते ब्लाऊजमुळेच होतंय. हे तुमच्या हाताला नावं ठेवायला म्हणत नाहीये, उलट हात इतका तयार आहे की तो विचार न करता गळ्याचं काम करतो, आणि हा गळा नाहीये. गळ्याची कड आत वळलेली असते. तिथे उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली पट्टी लावताना आपण पट्टी किंचित ओढून धरतो, कारण न ओढता लावली तर गळा उघडा पडतो, अंगाला चिकटून बसत नाही. शिकवणारे पहिल्या दिवसापासून हेच सांगतात की पट्टी जरा ताणून लाव. क्विल्टमधला पाव गोल मात्र बाहेर फुगलेला असतो, गळ्याच्या बरोब्बर उलटा. इथे पट्टी ओढली की शिवताना सगळं छान सपाट दिसतं, पण सुई काढली, ब्लॉक टेबलावर ठेवला की ओढलेली पट्टी आणि तिच्यातली दोरी परत आखडते, आणि आखडताना गोलाची कड आत खेचते. कड आत गेली की मधल्या कापडाला जागा उरत नाही, ते वर येतं. तीच तुमची वाटी. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंचं हेच होत होतं, मी शेजारी बसून त्यांचे हातच बघत राहिले, उजवा हात चाकावर आणि डाव्या हाताचं पहिलं बोट पट्टीवर, आणि ते बोट दर तीन-चार टाक्यांनी पट्टी आपल्याकडे बारीकसं खेचत होतं. त्यांना पत्ताच नव्हता. मी त्यांचं बोट उचलून पट्टीच्या मागच्या बाजूला ठेवलं, म्हणजे ओढायच्या जागी पट्टी मशीनच्या फुटाकडे (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) सरकवायची, बस. पुढचा ब्लॉक सपाट आला.

आता थोडं माप बघू, कारण माप एकदा डोक्यात बसलं की बाकी कृती पाठ करावी लागत नाही. पुढच्या सगळ्या लिखाणात पाव गोलाच्या तुकड्याला मी चांद म्हणते आणि कोपरा खाल्लेल्या दुसऱ्या तुकड्याला एल. तयार ब्लॉक ६ इंच, चांदाची त्रिज्या ४ इंच धरू. शिलाईच्या रेषेवर गोलाईची लांबी येते साधारण ६.३ इंच, आणि ती दोन्ही तुकड्यांना सारखीच आहे. पण पाव इंच, म्हणजे दोन सूत मार्जिन (शिलाईबाहेरचं जादा कापड) सोडल्यावर चांदाची कापलेली कड जाते सव्वाचार त्रिज्येवर, ती भरते ६.७ इंच, आणि एलची कड येते पावणेचारवर, ती भरते ५.९. म्हणजे तुम्ही दोन कडा एकमेकींवर ठेवता तेव्हा पाऊण इंचापेक्षा थोडा जास्तच फरक असतो, आणि नवीन माणसाला वाटतं आपण चुकीचं कापलं. चुकीचं नाहीये. गंमत म्हणजे गोल लहान घ्या की मोठा, पाव वर्तुळाला हा फरक तेवढाच राहतो, म्हणून २ इंचाच्या गोलाला तोच पाऊण इंच फक्त ३ इंचाच्या लांबीत जिरवायचा असतो आणि लहान गोल म्हणूनच छळतात. तुमचा ४ इंचाचा आहे, पायपिंग शिकायला हे उत्तम माप आहे.

पायपिंगचंही तसंच. चांदावर ते कडेला कड लावून ठेवलं की दोरी आतल्या बाजूला, आणि पट्टीच्या उघड्या कडा बाहेर. दोरीला ६.३ इंच जायचंय आणि उघड्या कडेला ६.७. म्हणजे उघडी कड पसरायला हवी आणि दोरी आहे तशी आरामात पडायला हवी. उरेब कापड एवढं पसरतं, ४ इंचाच्या गोलाला मी पट्टीला सहसा कट देतच नाही. ३ इंच आणि खाली आलं की देते, अर्ध्या अर्ध्या इंचावर. सरळ आडव्या-उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी मात्र अजिबात पसरत नाही, तिथे वाटी होणारच, कितीही जपून शिवा. पट्टी बरोबर ४५ अंशात, अर्धवट तिरकी नाही.

कापड. पायपिंगला नवीन पॉपलिन किंवा कॅम्ब्रिक घ्या. जुन्या सुती साडीचा मोह मलाही होतो, गोधडीत ती साडीच जीव आणते, पण पायपिंग हा क्विल्टचा सगळ्यात वर आलेला भाग आहे, सगळं घासणं त्याच्यावर येतं, आणि विरलेलं कापड दोन-तीन वर्षांत दोरीवरून फाटतं. साडी चांदाला वापरा. खणाचं पायपिंग दिसतं फार सुंदर पण खण सुटतो, उरेब कापल्यावर तर जास्तच, त्यामुळे खण वापरायचा तर पट्टी चांगली दीड इंचाची कापा आणि हात कमीत कमी लावा. आणि तुमचं लाल आहे म्हणून सांगते, लाल कापड आधी धुवा, मग ओलं असताना पांढऱ्या कापडात गुंडाळून वरून इस्त्री फिरवा, पांढऱ्यावर गुलाबी डाग आला तर परत धुवा, आणि तीनदा धुऊनही येत असेल तर ते कापड ठेवून द्या, दुसरं लाल आणा. पट्ट्यापट्ट्यांचं कापड असेल तर एकदा करून बघा, उरेब कापून दोरीवर गुंडाळलं की पीळ दिल्यासारखं दिसतं, मला ते साध्या रंगापेक्षा जास्त आवडतं.

किती लागेल? एका ब्लॉकला पट्टी ८ इंच धरा, ७ मधे बसते पण टोकं धरायला काहीतरी लागतं. १८ इंचाचा चौकोनी तुकडा घ्या, कर्णावर घडी घालून उरेब रेष पाडा आणि तिच्या दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा इंचाच्या पट्ट्या आखा. त्यातून ८ इंचाचे बिनजोडाचे १८ तुकडे निघतात, तुमचे १६ होऊन दोन हाताशी राहतात. नळी शिवून सलग पट्टी कापायची पद्धत असते ती क्विल्टच्या बाहेरच्या कडेला छान, इथे तिची गरज नाही, कारण सलग पट्टीत जोड येतात आणि जोड नेमका गोलाईच्या मधे आला की तिथे गाठ आल्यासारखं दिसतं.

पट्टीची रुंदी सव्वा इंच का ते पण सांगते. २ मिलिमीटरच्या दोरीभोवती फिरायला साधारण दोन सूत कापड लागतं, आणि दोन्ही बाजूंना दोन दोन सूत मार्जिन, झाले सहा सूत, म्हणजे पाऊण इंचातही भागतं. पण पाऊण इंचाची उरेब पट्टी हातात धरून शिवणं म्हणजे शिक्षा आहे. रुंद कापा, शिवा, मग मापात कापा.

दोरीबद्दल मात्र कळकळीने सांगते, कारण इथे मी एकदा मोठी किंमत मोजलीय. माझ्या भाचीच्या लग्नाला मी वीस ब्लॉकचं क्विल्ट केलं होतं, सहा महिने रात्री बसून, आणि बाजारातून आणलेली सुती दोरी तशीच वापरली. दुकानदाराने सांगितलं की ही आटत नाही, मी विश्वास ठेवला. भाचीने पहिल्यांदा धुतलं आणि मला फोन केला की मावशी, सगळे गोल चुरगळलेत, मी काही चुकीचं केलं का. तिने काही चुकीचं केलं नव्हतं, दोरी आटली होती. एकदा क्विल्टिंग झाल्यावर, म्हणजे सगळे थर एकत्र शिवल्यावर, त्याला उपाय नसतो, दोरी आत बंद झालेली असते. तेव्हापासून दोरी कुठलीही असो, कोणी काहीही सांगो, मी ती गरम पाण्यात रात्रभर भिजवते, पिळते आणि सावलीत सैल टांगून वाळवते, मगच वापरते. ताणून बांधून वाळवू नका, तसं केलं तर ती ओढलेल्या लांबीतच वाळते आणि पुढच्या धुण्यात परत आखडते. पॉलिस्टरची दोरी आटत नाही पण ती कडक असते आणि गरम इस्त्री तिला सोसत नाही. तुमचं क्विल्ट पांघरायचं आहे ना? मग तर मी म्हणेन दोरीच्या जागी विणकामाची ॲक्रिलिक लोकर किंवा क्रोशाचा जाड दोरा वापरा. मऊ राहतं, गालाला टोचत नाही, लहान गोलावर सहज वळतं. फक्त ॲक्रिलिक लोकर वापरली तर इस्त्री कमी गरम ठेवा. ३ मिलिमीटरची दोरी उशीच्या अभ्र्याला ठीक, पांघरुणात नको.

आता पायपिंग तयार करणं. फूट कुठला? चेन लावायला वापरतो तो सिंगल फूट, काही जण हाफ फूट म्हणतात. साध्या मशीनवर सुई बाजूला सरकत नाही, म्हणून हाच लागतो, दोरी फुटाच्या बाहेर आणि सुई दोरीला लागून. खाच असलेला पायपिंगचा फूट असेल तर आधी खाच आणि दोरी जुळते का बघा, खाच मोठी आणि दोरी बारीक असली की दोरी आत डुलते आणि शिलाई कधी जवळ कधी लांब पडते, त्यापेक्षा सिंगल फूट बरा. सुई १४ नंबरची, नवीन. पट्टीत दोरी ठेवून घडी घालायची आणि लांब टाक्याने, मशीनवर सगळ्यात लांब टाका असतो त्याच्या जवळपास, दोरीपासून एक धागा लांब शिलाई मारायची. एक धागा लांब हे महत्त्वाचं. पहिली शिलाई दोरीला अगदी घट्ट मारली तर पुढच्या शिलाया तिच्या आत जाऊ शकत नाहीत, आणि मग तीच शिलाई बाहेर दिसते. तुमच्या त्या एका ब्लॉकवर मला वाटतं हेच झालंय.

कारण पायपिंगला एकूण तीन शिलाया येतात. पहिली दोरी बंद करायची, दुसरी पायपिंग चांदावर टाचायची, तिसरी एल जोडायची. आणि प्रत्येक शिलाई आधीच्यापेक्षा केसभर दोरीच्या जवळ गेली पाहिजे. तिसरी सगळ्यात जवळ, म्हणजे पहिल्या दोन आपोआप मार्जिनमधे लपतात. हा क्रम पाळला की जाडबारीक होत नाही, कारण दोरीच्या अंगाला चिकटलेली शिलाई एकच असते आणि ती एकसारखी असते.

पायपिंग शिवून झालं की त्याचं मार्जिन बरोबर दोन सूत ठेवून बाकीचं कापून टाका, शिलाईपासून दोन सूत, मोजपट्टी ठेवून, अंदाजाने नाही. कंटाळवाणं काम आहे पण पुढे सगळं याच्यावर उभं आहे. मार्जिन दोन सूत असलं की चांदाच्या कडेला पायपिंगची कड लावली की शिलाईची रेष आपोआप बरोबर जागी येते, चांदावर काही आखावं लागत नाही.

चांदावर लावताना. चांद सुलट्या बाजूने वर. अर्धा दुमडून मध्याची खूण करा, पायपिंगच्या तुकड्यावरही मध्याची खूण. मध्य मध्याला टाचणी लावा आणि मग मध्यापासून एका टोकाला, परत मध्यापासून दुसऱ्या टोकाला, असं जा. एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की सगळी ओढ शेवटच्या इंचात जमा होते. इथे मी टाचण्यांवर भरवसा ठेवत नाही, हाताने कच्चा टाका घालते, पाव पाव इंचाचा धावदोरा. धावदोरा घालताना चांद टेबलावर सपाट पडलेला हवा, हातात उचललेला नको. हातात उचलला की तो वाकतो आणि वरचं पायपिंग नकळत कमी लांबीचं बसतं. पायपिंग कडेवर ठेवायचं, डाव्या बोटाने त्याची उघडी कड जरा बाहेर पसरवायची आणि दोरी मुळीच ओढायची नाही, उलट किंचित आत ढकलायची, इतकी किंचित की डोळ्याला दिसणार नाही पण बोटाला कळेल की दोरी सैल आहे. मग मशीनवर दुसरी शिलाई, अजूनही लांब टाका, आणि वळणावर पायाने पळवायचं नाही, चाक हाताने फिरवा, दर चार-पाच टाक्यांनी सुई खाली ठेवून फूट उचला आणि कापड किंचित वळवा. एवढ्यावर थांबून ब्लॉक तपासा. चांद टेबलावर ठेवा आणि हात काढा. सपाट पडला तर पुढे जा. मध्य उचलला तर आताच उसवा, कारण एल जोडून तो खाली बसणार नाही, मी खूपदा आशेवर पुढे गेलेय आणि प्रत्येक वेळी दोन्ही शिलाया उसवाव्या लागल्यात.

एलची तयारी. त्याच्या आत वळलेल्या कडेला, कडेपासून दीड सूत आत, एकेरी बारीक शिलाई मारून घ्या, फक्त एलवर. ही शिलाई त्या कडेला ताणण्यापासून वाचवते. मग कात्रीच्या टोकाने कट द्या, अर्ध्या अर्ध्या इंचावर, त्या शिलाईपर्यंत, शिलाई न कापता. कट दिले की एलची आखूड कड पंख्यासारखी उघडते आणि चांदाच्या लांब कडेवर बसते, पाऊण इंचाचा फरक जातो कुठे कळत नाही.

आता जोडताना एक पेच येतो. नुसता चांद आणि एल जोडायचे असतील तर आपण एल वर ठेवतो, कारण ज्या कापडाला उघडायचंय ते डोळ्यासमोर हवं. पण पायपिंग असलं की दुसरी शिलाई खाली चांदावर आहे, ती दिसायला चांद वर हवा. मग कुठलं वर ठेवायचं? दोन्ही, एकामागून एक. आधी एल वर ठेवून हाताने कच्चा टाका घाला, मध्य, दोन टोकं, मग मधल्या जागा, बोटाने दोरी चाचपत चाचपत. मग सगळं उलटं करा, चांदाची उलटी बाजू वर, तिथे तुम्हाला दुसरी शिलाई स्वच्छ दिसते, आणि सिंगल फूट लावून त्या शिलाईच्या केसभर आत, दोरीच्या बाजूला, बारीक टाक्याने, साधारण २ मिलिमीटर, तिसरी शिलाई मारा. म्हणून दुसरी शिलाई मारताना दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, पांढऱ्या चांदावर निळा वगैरे, तीच तुमची आखलेली रेष. तुमचं पायपिंग मधे बारीक आणि टोकाला जाड दिसतंय ते एल वर ठेवून अंदाजाने शिवल्यामुळे. टोकाला सुई दोरीपासून लांब गेली, मधे जवळ आली. कच्च्या टाक्याला ब्लॉकमागे दहा मिनिटं जातात, १६ ब्लॉकचे जवळजवळ पावणेतीन तास झाले, पण उसवायचे पावणेतीन तास त्याहून वाईट असतात.

मार्जिन कुठे पाडायचं यावर शिवणाऱ्या लोकांची मतं वेगळी आहेत. मी एलकडे पाडते. कारण साधं आहे, एलकडे पाडलं की चांद जसा कापला तसा सपाट राहतो, पायपिंग जसं शिवलं तसंच राहतं, हलतो फक्त एल, आणि त्याला कट दिलेलेच आहेत, ते उघडतात. चांदाकडे पाडलं की चांदाचं मार्जिन आणि पायपिंगचे दोन पदर, तिन्ही लांब कडा आत आखूड जागेत कोंबल्या जातात, तिथे व्हीचे तुकडे कापून काढल्याशिवाय गाठी येतात. चांद उशीसारखा उठून दिसतो हे खरं, भिंतीवर लावायच्या क्विल्टला मी पण कधी कधी तसं करते. इस्त्री करताना मात्र ब्लॉक पालथा, खाली दुमडलेला टॉवेल, आणि इस्त्री दाबून घासायची नाही, उचलून उचलून टेकवायची. सुलट्या बाजूने दोरीवर इस्त्री फिरवली की पायपिंग चपटं होतं आणि चमक येते, ती जात नाही.

टोकांचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण चार ब्लॉक एकत्र जोडायला घ्याल तेव्हा नक्की अडेल, कारण चार चांदांचा एक पूर्ण गोल होतो आणि तिथे पायपिंगला पायपिंग मिळायला हवं. ब्लॉकच्या कडेच्या मार्जिनमधे दोरी असली की तिथे कापडाचे बरेच पदर आणि दोन दोऱ्या, सुई तुटते. म्हणून प्रत्येक टोकाला शिलाईचे दोन-तीन टाके उसवा, दोरी चिमट्याने किंवा सुईने थोडी बाहेर ओढा, दोन सूत कापा आणि पट्टी परत मागे सरकवा, दोरी आपोआप आत जाते. म्हणजे मार्जिनमधे नुसतं कापड आणि दोरी बरोबर शिलाईच्या रेषेवर संपते. दोन्ही ब्लॉकला असं केलं की दोऱ्या टोकाला टोक भिडतात आणि गोल सलग दिसतो.

आणि त्यासाठी पायपिंग प्रत्येक ब्लॉकवर एकाच जागी बाहेर पडलं पाहिजे. साडेसहाच्या कच्च्या ब्लॉकवर चांदाच्या कोपऱ्यापासून सव्वाचार इंचावर. कापडाच्या जाडीत धागा-दोन धागे जातातच, म्हणून मी ब्लॉक सुरुवातीलाच अर्धा इंच मोठा धरते आणि शेवटी मापात कापते. आधी चांदाच्या कोपऱ्यातल्या दोन बाजू कापायच्या, अशा की पायपिंग दोन्हीकडे सव्वाचारवर येईल, आणि मग त्या बाजूंपासून साडेसहा मोजून एलच्या बाजू कापायच्या. उलट क्रमाने कापलं तर ब्लॉक साडेसहाचे होतील पण गोल जुळणार नाहीत. दोरी टोकाला काढायचं काम या कापण्यानंतर.

२ इंचापेक्षा लहान गोल कधी घेतलेत तर जोडायच्या भानगडीत पडू नका. पूर्ण गोल घ्या, त्याला सगळीकडून पायपिंग लावा, मार्जिन आत वळवून कच्चं टाचा, आणि चौकोनावर ठेवून पायपिंगच्या खाचेतून शिवून टाका, मागचं जादा कापड कापून काढा. इथे मार्जिन आत वळतंच, त्यामुळे व्हीचे कट हवेतच. पूर्ण गोलाला पायपिंगची सुरुवात आणि शेवट जुळवायला एका टोकाची पट्टी इंचभर उसवा, दोन्ही दोऱ्या बरोबर एकमेकींना भिडतील अशा कापा, वरचं कापड तिरकं आत दुमडा आणि दुसरं टोक त्यात ठेवा. तिरकं दुमडल्याने जाडी एका जागी साठत नाही.

आपल्या गोधडीत हे असं गोलाला गोल जोडणं सहसा नसतं, तिथे तुकडे एकावर एक ठेवून धावदोरा घालतात आणि धावदोराच सगळं धरून ठेवतो. ड्रंकर्ड्स पाथ अमेरिकेतला जुना नमुना, तुकडे फिरवून मांडले की वाट डुलत जाते म्हणून ते नाव. त्यामुळे आपल्याकडे ज्यांचा हात शिवणात तयार आहे त्यांचा तो ब्लाऊजवर तयार झालेला असतो, आणि ब्लाऊजमधे बाहेर फुगलेल्या कडेला पायपिंग लावायची वेळ क्वचित येते. तुमच्यासारखा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय त्याचं कारण मला तरी हेच वाटतं.

झालेल्या चार ब्लॉकचं काय? टाकू नका. ज्याची शिलाई बाहेर दिसतेय पण वाटी थोडीशीच आहे, तो सपाट ठेवून मध्यावर हात ठेवा आणि कड बघा. कड लाटांसारखी होत असेल तर एल ताणला गेलाय, फक्त तिसरी शिलाई उसवा, एलला नवीन कट द्या, परत जोडा. कड सरळ राहून मध्यच वर येत असेल तर पायपिंग आखूड आहे, तिथे दुसरी शिलाईही उसवावी लागेल आणि पट्टी नवीनच घ्यावी लागेल, कारण एकदा ताणून शिवलेली उरेब पट्टी परत पहिल्यासारखी होत नाही. एलच्या बाजूला शिलाईजवळ बारीक चुण्या असतील तर कट कमी पडलेत, उसवायच्या आधी मागून दोन कटांच्या मधे एकेक कट देऊन बघा, कधी कधी तेवढ्यानेच सुटतं.

क्विल्टिंग करताना पायपिंग ओलांडू नका, मशीनने तर नाहीच, फूट दोरीवर चढला की टाका लहान होतो आणि थर सरकतो. पायपिंगच्या खाचेत, चांदाच्या बाजूने, दोरीला लागून एक शिलाई घाला, मार्जिन एलकडे असल्यामुळे चांदाची बाजू खाली असते आणि शिलाई तिथे लपते. हाताने धावदोरा घालत असाल तर पायपिंगपाशी पोचलात की सुई आतल्या थरातून पलीकडे काढा आणि तिथून पुढे चालू करा.

पाचवा ब्लॉक लोकर घालून करा, लाल कापड डाग तपासूनच, आणि चांदावर पायपिंग टाचल्यावर, एल जोडायच्या आधी, टेबलावर ठेवून हात काढून बघा. तिथे सपाट पडला की मला कळवा, मग टोकं जुळवण्याबद्दल तुमच्या मांडणीप्रमाणे सांगते, कारण चार चांद एकत्र आणून पूर्ण गोल करायचा की डुलती वाट करायची यावर कुठली दोन टोकं भिडणार ते बदलतं.